बिजली घोडीचं दळण

चहा घ्या तुमी निवांत, पण मला गाणं म्हणायचा आग्रह करू नका. या गळ्यापायी एकदा माझी जी फजिती झाली, ती आठवली की आजही डोकं तापतं. आन ‘चूक तुमचीच असंल’ असं मनात आलं असंल, तर आधी पुरतं ऐका आन मग बोला.

मी लग्न होऊन कयाधूकाठच्या सासरी आले, तवा निजामाचं राज्य व्हतं. सासरे गावचे पाटील. त्यांची बिजली नावाची पांढरी घोडी व्हती. सकाळी आधी तिला पाणी दाखवायचे आन मग स्वतः चूळ भरायचे, एवढा जीव. माझ्याशी मात्र एक शब्द न्हाई. नव्या सुनेशी सासऱ्यानं थेट बोलायचं न्हाई, ही त्या घरची रीत. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचे, मी तिथंच पदर ओढून उभी असले तरी.

पाऊसकाळ सरता सरता हिंगोलीच्या बाजारातून येताना नदीच्या दगडात बिजलीचा पुढचा पाय अडकला. घरी आली ती लंगडत. पाय सुजून खांबाएवढा. मामंजींनी हिंगोलीहून सलोत्री आणवला. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. त्यानं पाय चाचपला आन म्हणला, “पाटील, नस टूटी नहीं है. मगर घोडी को कूदने मत दो. अब की बार झटका बैठा, तो घोडी गई समझो.”

होळीपर्यंत तिला तबेल्याच्या बाहेर काढायचं न्हाई. हरभरा बंद, नुसता कडबा. आन मुख्य म्हणजे तिला शांत ठेवायचं.

शांत? नाव बिजली, आन तिला शांत ठेवा म्हणे. रोज नदीपल्याड दौडणारं जनावर ते, चार भिंतीत बांधल्यावर येडं झालं. फळ्यांवर लाथा मारी, तोंडानं दावं तोडी. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. त्या धुरानं घोडी शिंकून शिंकून आणखीच उधळली. आमच्या ह्यांनी सोबतीला बकरी बांधली. बिजलीनं बकरीचा कान चावला. मामंजी जेवेनात. हातातला घास खाली ठेवून तबेल्याकडं बघत बसायचे. मला त्यांच्याकडं बघवत न्हवतं.

आमचं जातं तबेल्याच्या भिंतीला लागूनच व्हतं. एका पहाटे मी दळायला बसले. दळताना कोण गप बसतं? मी ओव्या म्हणत व्हते. अर्धी पाटी झाली असंल, तर दारात मामंजी, मागं आत्याबाई. त्यांनी तबेल्याकडं कान दिला. आत चिडीचूप. ते आत्याबाईंना हळूच म्हणले, “तिला सांग, चालू ठेव म्हणावं. घोडी निवली.”

आत्याबाई मला म्हणल्या, “मामंजी म्हणतेत, चालू ठेव.”

आता तुमीच सांगा. एक बाई गाऊन राहिली, आन तिला कुणी म्हणलं ‘चालू ठेव’, तर ती काय समजंल? मी गळा आणखी मोकळा सोडला.

त्याच दिवशी जातं उचलून थेट तबेल्यात मांडलं. बिजली मान खाली घालून उभी, कान सैल, खालचा ओठ लोंबलेला. मला एवढं भरून आलं म्हणून सांगू. माहेरी कुणी माझ्या आवाजाचं कधी नाव काढलं न्हवतं, आन इथं एक मुकं जनावर माझ्या गाण्यावर डुलून राहिलं. मी तिच्यावर ओव्या जुळवल्या,

बिजली गं माझी बाई, नको आपटू तू पाय
हिंगोलीच्या वाटंला गं तुझ्याबिगर शोभा न्हाय

ती दुपारी बिथरली की मी दुपारी जात्यावर. सांजेला बिथरली की सांजेला. घरातली दळायची ज्वारी संपली, तर आत्याबाईंनी गल्लीत सांगितलं. बाया पाट्या भरभरून ज्वारी आणायला लागल्या. “पाटलीनबाई, बिजलीसाठी आणली हो,” म्हणायच्या, आन पीठ मात्र घरी न्यायच्या. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. पण मी गात व्हते. गळा बसला तर गूळ-सुंठ खाऊन गात व्हते.

दिवाळीला माझा मोठा भाऊ न्यायला आला. मामंजी आत्याबाईंना म्हणले, “जाऊ दे लेकराला. दुसरं कुणी बसंल.”

मीच पदराआडून म्हणले, “मी गेले तर बिजली पाय मोडून घेईल.”

आत्याबाई लगेच म्हणल्या, “पोरीचं बराबर हाय.”

दादा माझ्या हातांकडं बघून राहिला. वारंग्याकडं आमचं माहेर, तिथं जाऊन त्यानं आईला सांगितलं की बहिणीला घोडीपाशी बसवून सगळ्या गावाचं दळण दळायला लावलंय, सणालाही सोडत न्हाईत.

झालं. दिवाळी सरायच्या आत आई आन मामा बैलगाडी घेऊन दारात. आईनं माझे हात बघितले आन पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला न्हाई. आत्याबाईंना म्हणली, “विहीणबाई, आमी पोरगी दिली व्हती. गिरणी न्हाई दिली.”

“आमी काही तकलीफ दिली न्हाई,” आत्याबाई म्हणल्या. “विचारा तिला.”

“हे हात काय बोलून राहिलेत ते दिसतंय मला.”

मला आईचाच राग आला. सासरी एवढा मान मिळवला, आन ही त्याला दळण म्हणते. मी म्हणले, “आई, हे दळण न्हाई. घोडी निवते ती माझ्या गळ्यानं. जातं बाजूला राहू दे, तू नुसतं ऐक.”

सगळे तबेल्याच्या दारात जमले. बिजली शांत उभी व्हती. मी तिच्यासमोर उभी राहिले आन ओवी सुरू केली.

बिजलीचे कान मागं गेले. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसंल. मी सूर चढवला. तिनं खुरानं जमीन उकरली. मी आणखी चढवला. तिनं मागच्या पायानं अशी लाथ झाडली की पाण्याची बादली उडून मामाच्या पायाशी.

“सूनबाई, गप!”

मामंजी व्हते. लग्न झाल्यापासून माझ्याशी थेट बोललेला त्यांचा पहिला शब्द, आन तो हा.

ते घोडीच्या गळ्याला बिलगले. आई घाबरून मटकन बसली ती जात्यापाशीच, आन हात रिकामा कसा ठेवायचा म्हणून खुंटा धरून फिरवायला लागली. तोंड बंद. नुसती घरघर. बिजलीची मान खाली आली. कान सैल पडले. एक खूर टेकून तिनं डोळे मिटले. माझ्या गाण्यावर ती एवढी कधीच निवली न्हवती.

मी आत्याबाईंकडं वळले. “तुमी तर म्हणल्या, मामंजींनी चालू ठेव सांगितलं.”

“जातं चालू ठेव म्हणले व्हते ते.”

“मग गाणं काहून थांबवलं न्हाई माझं?”

आत्याबाईंनी पदर सारखा केला. “गाणं थांबवलं असतं, तर दळलं असतंस का तू एवढं?”

सांगा, राग येईल का न्हाई? आन दारात उभ्या असलेल्या गल्लीतल्या बाया पदरात तोंड खुपसून हसत व्हत्या. माझ्याच पिठाच्या भाकरी खाणाऱ्या.

बिजलीला काही झालं न्हाई. सलोत्र्यानं पुन्हा पाय बघून ठीक हाय म्हणून मान डोलावली. त्याच बायांनी पाळीपाळीनं दळलं, मुकाट्यानं, आन होळीनंतर मामंजी तिच्यावर बसून नदीपल्याड गेले. मी मात्र बादली उडाली त्याच दिवशी आईबरोबर निघाले. गाडीत बसले ती फणफणतच. वाट लांब, संताप मोठा, आन तोंड किती वेळ बंद ठेवायचं? नकळत गुणगुणायला लागले.

कासरा धरलेल्या मामानं मागं न बघताच विचारलं, “बाई, थोडं गप बसतीस का? बैल नवे हायेत.”