घोंगडीवरचा करार

विलास गेल्याचं मला मैदानावर कळलं. सकाळचा सराव नुकताच सुरू झाला होता. सुषमावहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात त्यांनीच स्वतःला सावरलं आणि म्हणाल्या, "पोरांचा सराव थांबवू नका हं. ह्यांना चालायचं नाही ते." मी फोन खिशात ठेवला आणि तसाच रेषेवर उभा राहिलो. समोर अकादमीची लहान मुलं चेंडू एकमेकांना देत होती, पलीकडच्या अर्ध्या मैदानात क्लबचा मोठा संघ होता. त्या संघाचा कर्णधार बिरू पलीकडून माझ्याकडे बघत चालत आला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, वळला आणि सगळ्यांना गोळा केलं. "विलास सर गेले," तो म्हणाला. "सराव पुरा करायचा. मंग समदे मिळून घरी जायाचं." आणि तसंच झालं. घामानं भिजलेल्या जर्सीतली ती सगळी पोरं विलासच्या अंत्ययात्रेत चालली, लहान पुढं, मोठी मागं. रस्त्यावरची माणसं थांबून विचारत होती, कोण मोठा माणूस गेला?

मोठा माणूस म्हणजे आमच्या शहरातल्या फुटबॉल क्लबच्या युवा अकादमीचा प्रमुख, विलास जगदाळे. माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी त्याच क्लबच्या ऑफिसात नोंदण्या आणि करारांचं काम बघतो, म्हणून त्यानं काय केलं ते मला जवळून पाहता आलं. आता महिना उलटून गेला, थोडं शांतपणे लिहिता येईल असं वाटलं.

विलास वैजापूरकडचा. घरी शेती, थोरले भाऊ ती बघायचे, हा शिकायला इथं आला आणि उस्मानपुऱ्यात आम्ही दोघं एका खोलीत राहिलो. अभ्यासात बेताचा, पण डाव्या पायात जादू. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या क्लबनं त्याला चाचणीला बोलावलं. आम्ही खोलीभर नाचलो होतो. तो गेला, काही आठवडे तिथं राहिला, खेळला. एक दिवस सकाळी सरावाला गेला तर फाटकावरच्या वॉचमननं सांगितलं, तुझं नाव आता आत नाही. बस्स. कोणी प्रशिक्षक भेटला नाही, कोणी कारण सांगितलं नाही. बॅग उचलून विलास परत आला. रडला वगैरे नाही. खोलीत येऊन बूट काढले आणि म्हणाला, "सुध्या, मी कमी पडलो असन, ते ठीक हाय रे. पन एका माणसानं तोंडावर सांगायला पाहिजे व्हतं."

पुढं वाळूजच्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली. पाळी संपली की मैदानावर पोरांना शिकवायचा, फुकट. असंच बरीच वर्षं चाललं. मग शहरातल्या एका उद्योजकानं व्यावसायिक क्लब काढला आणि खालच्या डिव्हिजनमध्ये उतरवला. अकादमी सांभाळायला माणूस हवा होता. विलासनं कायमची नोकरी सोडली. घरात त्यावरून काय झालं असेल ते मी वहिनींच्या तोंडून नंतर ऐकलं... "मी दोन दिवस बोलले नाही ह्यांच्याशी," त्या हसत सांगायच्या. "तिसऱ्या दिवशी मीच डबा करून मैदानावर गेले."

वाचकांना वाटत असेल, अकादमी आहे म्हणजे तिथली मुलं पुढं क्लबच्या मोठ्या संघात जात असणार. तसं नसतं. मोठ्या संघाला लगेच जिंकायचं असतं, म्हणून तयार खेळाडू बाहेरून आणतात. गोवा, केरळ, मणिपूर, बंगाल. त्यात वाईट काही नाही, ती मुलंही जीव तोडून खेळतात. पण इकडे अकादमीत मुलं वर्षानुवर्षं राबतात आणि अठराव्या वर्षी क्लबला ठरवावं लागतं, ह्याच्याशी करार करायचा की सोडून द्यायचं. आमच्याकडे सुरुवातीला सगळ्यांनाच सोडून दिलं जायचं. अकादमी क्लबच्या कॅलेंडरवर फोटो छापायच्या उपयोगाची. विलास मालकांना प्रत्येक बैठकीत तेच विचारायचा, "साहेब, आपल्या संघात आपल्या गावचं पोर कवा खेळनार?" मालक हसून म्हणायचे, तसं पोर आण, लगेच घेतो.

त्यानं आणलं. खुलताबादच्या शाळांच्या स्पर्धेत त्याला बिरू दिसला. मीही त्या दिवशी सोबत होतो आणि खरं सांगतो, मला तो दिसला नव्हता. बुटका, काटकुळा, बचावात उभा, आणि सामनाभर त्याच्या पायाला चेंडू फारसा लागलाही नाही. विलास मात्र त्याच्याकडेच बघत बसला. "ऐक," मला म्हणाला. मी कान दिला. ते पोर अखंड बोलत होतं. "मागं ये रं! डावीकडं मोकळा हाय! सोड त्याला, मी हाय!" त्याच्या शेजारचे तिघं यथातथाच खेळाडू, पण त्या आवाजावर हलत होते आणि प्रत्येक वेळी बरोबर जागी सापडत होते. सामना संपल्यावर कळलं की पोराचं घर मेंढपाळाचं. मी हुशारी करून म्हटलं, "कळप राखायची सवय, म्हणून नजर आहे." बिरूनं माझ्याकडे थंडपणे पाहिलं. "मेंढरं भाऊ राखतो," तो म्हणाला. "मी शाळेत जातो." विलास इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

पोराला अकादमीच्या वसतिगृहात आणायचं तर घरच्यांची परवानगी हवी. बिरूची आई ठकूबाई दारातच बसली होती. वडील खंडू मेंढरं घेऊन लांब गेलेले. ठकूबाईनं विलासला एकच विचारलं, "खेळून काय व्हतं सर?" दुसरा कोणी असता तर टीव्हीवरची नावं सांगितली असती. विलास म्हणाला, "काय व्हईल ते मला सांगता यायचं नाय मावशी. बहुतेक पोरांचं काय व्हत नाय. पन शाळा सुटनार नाय, जेवान चांगलं मिळंल, आन जे काय असंल ते मी तुमाला खरं सांगत जाईन." ठकूबाईनं थोडा विचार केला आणि पोराचे कपडे बांधायला घेतले. नंतर एकदा तिनंच मला सांगितलं, "लई लोक येतेत गोड बोलाया. ह्यो पयलाच मानूस आला जो म्हनला, सांगता यायचं नाय."

हा शब्द विलास पाळायचा, आणि ते सोपं नव्हतं. दर वर्षी काही मुलांना अकादमीतून कमी करावं लागे. त्यांच्या घरी तो स्वतः जायचा. मुलाला समोर बसवून, आईबापांदेखत, कुठं कमी पडलं ते सांगायचा आणि पुढं काय करता येईल तेही. एका घरी मुलाच्या आजोबांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. विलास ऐकत राहिला. शेवटी आजोबा दमले आणि त्यांनीच चहा मागवला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कशाला हे ओढवून घेतोस? फोन कर की." तो गाडीला किक मारत म्हणाला, "शिव्या खाल्ल्या तरी चालतंय. पोराला वॉचमनकडून कळाया नको."

बिरू अठराचा झाला. तोवर क्लबमध्ये नवे मुख्य प्रशिक्षक आले होते, केरळचे जोसेफ सर. शिस्तीचे, अभ्यासू आणि प्रामाणिक गृहस्थ. करारांच्या बैठकीत त्यांनी बिरूचं नाव बाजूला काढलं. मधल्या बचावपटूला उंची लागते, हा मुलगा बुटका आहे, उंच पोरं त्याच्या डोक्यावरून गोल करतील. त्यांचं चुकीचं नव्हतं. मी विलासकडे बघत होतो. मला वाटलं आता आवाज चढणार. पण तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, उसको अकेले मत देखो. उसके बाजूवालों को देखो." मग त्यानं एक मागणी केली. मोठ्या संघाविरुद्ध एक सराव सामना होऊ द्या. बिरूच्या सोबतीला मोठ्या संघातलेच राखीव बचावपटू द्या, जे या वर्षी सगळ्यांत वाईट खेळलेत ते. जोसेफ सरांना ही कल्पना चमत्कारिक वाटली, आणि बहुधा म्हणूनच ते हो म्हणाले.

तो सामना मी विसरणार नाही. बिरूच्या एका बाजूला बंगालचा खेळाडू, दुसऱ्या बाजूला गोव्याचा, मागं गोलात मणिपूरचा तोंबा. कोणालाच मराठीचा गंध नाही. आणि बिरूला दुसरं काही येत नाही! पहिली काही मिनिटं नुसता गोंधळ. बिरू ओरडतोय, "मागं! मागं रं!" आणि ते दोघं पुढं पळतायत. मोठ्या संघानं एक गोल केला. जोसेफ सरांनी विलासकडे पाहिलं. विलास गवतावर मांडी घालून बसला होता, त्यानं नुसती मान हलवली... थांबा. मग बिरूनं काय केलं, तर प्रत्येकाचा दंड धरून त्याला त्याच्या जागी उभं केलं, आणि तेच चार शब्द पुन्हा पुन्हा. मागं. सोड. चल. मी हाय. हळूहळू ती भिंत उभी राहायला लागली. बंगालच्या पोरानं आयुष्यात अडवला नसेल असा चेंडू अडवला. उंच चेंडू येत होते, पण बिरूनं शेजारच्याला आधीच तिथं पोचवलेलं असायचं, त्याला स्वतःला उडी मारायची वेळच येत नव्हती. उत्तरार्धात मागून तोंबाचा आवाज आला, "मागं रं! मागं!" अख्खं मैदान हसलं. त्यानंतर मोठ्या संघाला एकही गोल करता आला नाही. शिट्टी झाल्यावर जोसेफ सर चालत विलासपाशी आले, हात धरून त्याला उठवलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "जगदाळे, तुम सही देखा. मैं सिर्फ हाइट देखा." विलासच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पाहिलं.

करार ऑफिसात करायची आमची पद्धत. विलास म्हणाला, नाही, पोराच्या बापासमोर व्हायला पाहिजे. आणि बाप तर मेंढरं घेऊन वैजापूरकडच्या कुणाच्या तरी पडीक रानात उतरलेला. मग आम्ही तिकडे गेलो, विलास, मी, बिरू, ठकूबाई आणि चक्क जोसेफ सरही, जे जन्मात पहिल्यांदा एवढी मेंढरं बघत होते. खंडूनं घोंगडी अंथरली. आम्ही त्यावर बसलो, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ढेकळं ठेवली. विलासनं इंग्रजी कराराचं एकेक कलम वाचलं आणि खंडूला समजेल असं सांगितलं. दुखापत झाली तर उपचार क्लबनं करायचा. मधेच मनात आलं म्हणून पोराला काढता यायचं नाही. दुसऱ्या क्लबकडे द्यायचं तर त्याला विचारल्याशिवाय नाही. खंडू एकेका कलमाला "व्हय" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "सर, म्हंजी ह्ये खेळनं ह्येचं कामच झालं म्हना की." "व्हय," विलास म्हणाला. "आन काम मिळवलंय त्यानं सोताच्या आवाजावर." बिरूनं सही केली. खंडूनं पोराच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली आणि दोन मेंढरं घाबरून पळाली. जोसेफ सरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शहराच्या क्लबनं आपल्या अकादमीतल्या पोराशी केलेला तो पहिला करार.

पुढचं शहराला माहीतच आहे. बिरूच्या मागून एकेक करत आणखी पोरं वर गेली. मागच्या हंगामात क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला त्या सामन्यात मैदानावरचे निम्मे खेळाडू आपले होते, आणि उरलेल्यांना मराठी येत होती! मालकांनी विलाससाठी पाहुण्यांत खुर्ची ठेवली होती. तो तिथं बसला नाही. पोरांच्या आईबापांमध्ये पायऱ्यांवर बसला, ठकूबाई आणि खंडूच्या शेजारी. शेवटची शिट्टी झाली तेव्हा खंडूनं त्याला उचलूनच घेतलं. तोवर त्याचं हृदय थकत चाललेलं होतं, डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावलं होतं. खाली उतरल्यावर मी रागावलो तर म्हणाला, "अरे, मी कुठं दगदग केली? त्यानं उचललं." मी त्याला इतकं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आदिलचा करार झाला. आदिल म्हणजे अकादमीचा गोलरक्षक, राहायला उस्मानपुऱ्यातच. करार मुलाच्या घरी करायचा, हे त्या घोंगडीपासून क्लबात ठरूनच गेलंय, कोणाला आठवण करून द्यावी लागली नाही. मी कागद घेतले. पण कलमं समजावून सांगणार कोण, हा प्रश्न मला जिना चढेपर्यंत पडला होता. वर पाहतो तर बिरू आधीच येऊन बसलेला. सरावाच्या कपड्यांत, आदिलच्या अम्मींच्या समोर, जमिनीवर. माझ्या हातातून कागद घेतले आणि वाचायला सुरुवात केली. तेवढं इंग्रजी त्याला आता येतं. अम्मी मधेमधे विचारत होत्या, तो आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगत होता. एका कलमाशी तो अडला. "ये मेरे को बी नीट समझ्या नाय, अम्मी," तो म्हणाला. "पूछ के बताता, तब तक सही मत करो."

मलाही खात्री नव्हती, म्हणून त्यानं तिथूनच क्लबच्या वकिलांना फोन लावला, विचारून घेतलं, समजावलं, आणि मगच पेन आदिलच्या हातात दिलं.

आदिलची सही झाली. क्लबच्या साक्षीदाराच्या जागेवर कागद आला. तिथं नेहमी विलासची सही असायची. बिरूनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यानं ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. अम्मींनी शीरखुर्म्याच्या वाट्या आणल्या. त्यानं एक संपवली, दुसरी मागून घेतली आणि उठला. "चल रं आदिल," तो म्हणाला, "सरावाला उशीर व्हतोय." दोघं दडदडत जिना उतरले आणि खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.