काळी तार

तात्या कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी कपडे वाळत घालायच्या तारेला नख लावून बघत. नखाला गंज लागला की घरमालकाची खैर नसे. "काय पावणं, बायकूच्या साडीला डाग पाडाय बांधलीया व्हय ही?" मीही हे ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच नवी तार घेऊन दारात आले. आमची ओळख झाली ती अशी.

कळंब्याच्या रस्त्याला त्यांचं कुंपणाच्या जाळ्या विणायचं छोटं दुकान होतं. उमेदीची वर्षं तारेच्या कारखान्यात गेलेली. तार ॲसिडात धुवायची, मग वितळलेल्या जस्तातून काढायची. "ॲसिडात अंग सोलल्याबिगार जस्त धरत न्हाय," म्हणत ते आपले डागाळलेले हात दाखवत. गोठा असो, मळा असो, टोमॅटोचा मांडव असो, ते जस्ताचीच तार देत. स्वस्तातली, बिनजस्ताची काळी तार मागणाऱ्याला सुनावत, "चार पावसाळ्यात सडंल ती. ही न्या. एकदा मारली की जन्मात बघाय नको." तोंडात सदा तारच, म्हणून लोक म्हणत, "तात्या सकाळपासनंच तारेत हायत." दारूच्या थेंबाला न शिवलेला हा माणूस त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसे.

मग त्यांच्या दोन मुलांचं बिनसलं. कशावरून, ते आता त्या दोघांनाही धड सांगता यायचं नाही. घराला दोन दारं झाली, अंगणात कुंपण घालायचं ठरलं, आणि मुलं म्हणाली, बाहेरचा माणूस कशाला, तुम्हीच जाळी मारा. मला त्या मुलांचा आजही राग येतो.

तात्यांनी मारली. मी गेलो तर जाळी काळ्या तारेची.

"तात्या, तुम्ही आणि काळी?"

"गंजू दे की," पक्कड चालवत, मान वर न करता ते म्हणाले. "कवातरी पडंल."

पुढे दर पावसाळ्यात ते त्या जाळीला नख लावत आणि तांबडं झालेलं बोट मला दाखवत. "यंदा बरीच गंजलीया." एवढाच आनंद त्यांना उरला होता. पण छातीनं दगा दिला, आणि जाळीच्या आधी तेच गेले.

त्यांना न्यायच्या दिवशी अंगणात माणूस मावेना. गर्दीच्या रेट्यानं जाळी खांबांवरून सुटली आणि आडवी झाली. तिच्यावर पाय देत दोघे भाऊ खांदा द्यायला एकत्र आले. मी मनात म्हटलं, तात्या, पडली बघा.

दिवसकार्य उरकल्यावर पुन्हा गेलो. थोरला नव्या जाळीचं बंडल उलगडत होता. दुसरं टोक धाकट्यानं धरलं होतं.

"जस्ताची हाय," थोरला म्हणाला. "एकदा मारली की जन्मात बघाय नको."