चुंबळीशिवाय बाटली

मी ढोल वाजवतो. बसून, दोन गुडघ्यांत धरून, उघड्या हातांनी. एका तोंडाला शेळीचं कातडं, दुसऱ्या तोंडाला बोकडाचं. ही अक्कल मला कुठल्या शाळेने दिली नाही. चोता नदीच्या या तापलेल्या खोऱ्यात माझ्याइतका जुना हात आता कुणाचा उरलेला नाही, हे मी सांगतो आणि दुसरेही सांगतात. नाचणाऱ्या बाईच्या कमरेकडे बघत बघत मी म्हातारा झालो. त्यात लाजायचं काय? ढोलवाल्याने कंबर बघायची नाही तर काय ढग मोजायचे?

म्हणून शेजारच्या हेर्मानियाचं नाचताना कुठे चुकतंय ते मला दिसलं नाही, ही टोचणी अजून जात नाही.

आमच्या गावात बाटलीचा मान आहे. संत इसिद्रोच्या सणाला उसाच्या दारूने भरलेली हिरवी बाटली डोक्यावर घेऊन पहिला नाच अनांगोनोंच्या घरातली बाई नाचते. हेर्मानियाची आजी नाचली, मग आई दालिंदा एकतीस वर्षं नाचली. दोघींनाही मी वाजवलं. बाटली पडली, किंवा घरातून कुणी उभंच राहिलं नाही, तर मान गावातल्या दुसऱ्या घराण्याकडे, मिंडांच्या घरी जातो. गेलेला मान परत आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि यंदा दालिंदाचा गुडघा गेला. जिना तर सोडाच, तिला उंबरा चढवेना.

म्हणून हेर्मानिया दुकानातून सणापर्यंतची रजा काढून राजधानीहून, कीतोहून परत आली. वय चौतीस. आईसारखीच उंच, आईपेक्षा दुप्पट रुंद. दारातून आत आली की खोलीत आधी ती असायची, मग खोली. पण आली ती काळ्या कपड्यांत. काळा झगा, काळं जाकीट, काळा रुमाल, त्याखालून खांद्यापर्यंत सरळ, चपटे, चमकणारे केस.

दालिंदाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अगं, कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आई. काळ्यात माणूस बारीक दिसतं."

"कोण सांगतं?"

"दुकानातल्या बाई."

"त्यांना म्हणावं, डोंगराला काळा पडदा लावला तरी रस्ता त्याला वळसा घालूनच जातो."

कीतोच्या त्या कपड्यांच्या दुकानात हेर्मानिया सहा वर्षं मागच्या खोलीत शिवण उसवायला बसायची. केस सरळ करून घेतले तेव्हा पुढे, गिऱ्हाइकांसमोर, उभं राहायला मिळालं. तरीही तिचा काळाभोर रंग बघून गिऱ्हाइकं विचारायची, 'बाई, तुम्ही कुठल्या देशाच्या?' ती म्हणायची, इथल्याच, इक्वेडोरच्या. 'हो, पण मूळच्या?' हे तिने मला तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. सोलत कसली होती, नुसती शेंगा मोडत होती. "काका, तिथे विचारतात, कुठून आलीस. इथे सगळे विचारतात, परत कधी जाणार. मी उभी कुठे राहू?"

तिला एका जागी बसवतच नव्हतं. सकाळी नदीवर, लगेच परत. भात चुलीवर ठेवून अंगणात, अंगणातून शिलाई मशीनवर. आमच्या घरांमध्ये एकच भिंत. दिवसभर मशीन खडखडायची, थांबायची, मग धागे कचाकच तोडल्याचा आवाज, पुन्हा खडखड. नाचायचा घेरदार झगा शिवत होती. शिवायची आणि उसवायची. कंबर आत घ्यायची, अंगात घालून बघायची, श्वास अडकायचा, पुन्हा उसवायची. कापड आधी निळं होतं, मग गर्द निळं, शेवटी काळं झालं.

सणाला तीन आठवडे उरले तेव्हा माझ्या अंगणात सराव सुरू झाला. जोडीला विल्मेर, मिंडांचा जावई, बडबड्या. आमच्या नाचात बाई कमरेने धक्का मारून पुरुषाला रिंगणाबाहेर काढते. विल्मेरला ते आधीच दिसत होतं.

"काका, माझ्या बायकोला निरोप द्या. म्हणावं, भला माणूस होता."

"आधी नाच तरी," हेर्मानिया म्हणाली, पण हसली नाही.

तिने रुमाल सोडला, पाण्याने भरलेली साधी बाटली डोक्यावर ठेवली, मी थाप दिली, आणि चौथ्या पावलाला बाटली खाली. फुटली. दुसरी आणली. सहाव्या पावलाला तीही गेली. तिसरीला तर तिने पाऊलच उचललं नाही, नुसती कंबर फिरवली, तरी बाटली कानावरून घसरली.

विल्मेर म्हणाला, "वजन फार आहे गं, तोल जाणारच."

मला राग आला, पण मनात मीही तेच म्हणत होतो. शहरात राहून चाल विसरली असेल, देह जड झाला असेल. दुसऱ्या दिवशी मी ढोल मंद केला. तिने लगेच ओळखलं.

"काका, आजारी माणसाला वाजवताय का?"

"जरा सावकाश घे, म्हणून."

"आईला सावकाश वाजवलंत कधी?"

मी थाप पुन्हा होती तशी केली. त्या दिवशी चार बाटल्या फुटल्या. दालिंदा खुर्चीत बसून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण मिंडांकडच्या दोन बायका कुंपणापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी हेर्मानियाने कापडाची चुंबळ वळून आणली. डोक्यावर ठेवली, वर बाटली. बाटली राहिली. ती पूर्ण फेरी नाचली, आणि तेव्हा मी पाहिलं की तिच्या पावलांत काहीच चुकत नव्हतं. कंबर आईसारखीच खाली बसून फिरत होती, रुंद, भरलेली, पाण्याने भरलेल्या रांजणासारखी स्थिर.

दालिंदा एकदम ओरडली, "काढ ती! चुंबळ शिकाऊ पोरी घेतात. सणात चुंबळ घेतलीस तर मिंडा कशाला, मीच बाटली त्यांच्या दारात ठेवून येते."

"मग राहत नाही ना, आई! मी काय करू? घसरते!"

"कुणाची घसरली नाही आजवर."

हेर्मानिया तिथेच थबकली. "कुणाची घसरली नाही," ती हळूच म्हणाली. मग आईसमोर गुडघ्यांवर बसली, तिचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, आणि दुसरा हात दालिंदाच्याच पांढऱ्या, दाट, कुरळ्या डोक्यावर. दालिंदाची बोटं तिच्या केसांवरून सरकली, नदीतल्या शेवाळ्या दगडावरून पाय सरकतो तशी.

मी, विल्मेर, कुंपणावरच्या त्या दोघी, आम्ही सगळे तीन दिवस तिचे पाय आणि कंबर बघत होतो. डोक्याकडे कुणी बघितलं नाही. कसं बघणार? सरळ केसांची बाई या गावात कधी बाटली घेऊन नाचलीच नव्हती.

"देवाने आपल्याला चुंबळ डोक्यावर बांधूनच पाठवलंय," दालिंदा म्हणाली. "तू ती सोडून आलीस."

नुसतं पाणी लावून ते केस परत वळणारे नव्हते, औषधाने सरळ केलेले होते. पण तिला येऊन चार महिने झाले होते. सरळ केसांखाली मुळाशी दोन बोटं नवे केस उगवले होते, गच्च, कुरळे, काळेभोर. ती रोज तेच रुमालाने झाकत होती.

त्या रात्री झोप कुणाला आली माहीत नाही. सकाळी मशीन वाजली नाही, कात्री वाजली. दुपारी ती बाहेर आली तेव्हा केस मुळाशी दोन बोटं ठेवून कापलेले, डोकं नवं, चेहरा आधीपेक्षा मोठा. हात सारखा मानेकडे जात होता, तिथे काही नव्हतं.

"कशी दिसते, काका?"

"आजीसारखी."

"आजी सुंदर होती का?"

"तिला तसं वाटायचं. आम्हाला तिला खोटं पाडायची हिंमत झाली नाही."

त्यानंतर तिने काळा घेर उसवला आणि इबाराच्या बाजारातून नवं कापड आणलं, आमच्या बायका रस्त्यावर विकतात त्या पिकलेल्या ओव्होच्या फळांसारखं तांबडं-केशरी. दालिंदा म्हणाली, "बाई गं, हे तर पलीकडच्या काठावरूनही दिसेल."  हेर्मानियालाही तीच भीती होती. दोनदा ते कापड गुंडाळून ट्रंकेत टाकलं, दोनदा काढलं.

सणाच्या दिवशी ऊन भाजत होतं. ती रिंगणात आली आणि कुजबुज थांबली. हिरवी बाटली दालिंदाने स्वतः उभं राहून, गुडघा थरथरत असताना, तिच्या डोक्यावर ठेवली. खरं सांगतो, मी मंद थाप दिली. तिने टाच आपटली, एकदा, दोनदा, माझ्यापेक्षा जलद. म्हणजे, लय वाढवा काका. मी वाढवली. घेर फिरला. बाटली त्या दोन बोटं केसांत रुतून बसली होती, पाणथळातल्या खुंटासारखी. विल्मेर भोवती फिरत बडबडत होता, "हळू, हेर्मानिया, माझी लेकरं लहान आहेत," आणि त्याचं वाक्य संपायच्या आत ती वळली, आणि तिच्या डाव्या कमरेचा धक्का त्याला असा बसला की तो थेट मिंडांच्या बाकापर्यंत धुळीत गेला. त्याची स्वतःची सासू सगळ्यांत मोठ्याने हसली.

बाटली हलली.  हलली आणि राहिली.

संध्याकाळी बाटली अनांगोनोंच्या फळीवर परत गेली. मी सांजेला घरी येऊन हात गरम पाण्यात बुडवून बसलो होतो. भिंतीपलीकडे मशीन पुन्हा खडखडायला लागली. मला वाटलं, झालं, परत सुरू.

"आता काय उसवतेस गं?" मी ओरडलो.

"धक्का मारताना कमरेत फाटलं, काका."

"मग टाका घाल."

"टाका नाही. दोन बोटं कापड सोडते. सोमवारी कीतोला दुकानात घालून जायचंय." मशीन थांबली. "जायचं की नाही, ते अजून ठरलं नाही. पण गेले तर हेच घालून." आणि पुन्हा खडखड.