तिकडं काउंटर नाही

माझी बायको बुटकी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिच्या उंच टाचेच्या चपलांवरून लोकांनी फार तोंडसुख घेतलं. नखरा, म्हणायचे. नखरा कसला. दोंडाईचात एका कटलरीच्या दुकानात ती बांगड्या, टिकल्या, रिबिनी विकायची. काउंटर पुरुषांच्या मापाने केलेलं, तिच्या छातीला लागायचं. ती गिऱ्हाइकाला दिसायचीच नाही. म्हणून टाचेची चप्पल. मी मिरचीची पोती वाहणारा, माझ्या पायाला नुसत्या भेगा. मी विचारायचो, "इतली उंच कसाले?"

"काउंटर मनासाठे खाले बठी का?" ती म्हणायची. काउंटर काही तिच्यासाठी खाली बसणार नव्हतं.

सकाळी उघडल्यापासून दुकान बंद होईपर्यंत ती त्या टाचांवर उभी. टाच उंच असली की अंगाचा भार पंजावर येतो, आणि चप्पल पुढे निमुळती, त्यात बोटं कोंबली जातात. वर्षं गेली तसा तिचा अंगठा बाकीच्या बोटांवर वळला, बुडाशी हाड वर आलं. घरी आली की मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायची. पाय दुखतात असं तोंडातून यायचं नाही. आज गर्दी होती, एवढंच.

काम सुटलं तेव्हा मुलगी जळगावहून आली. तीही तिथं मोठ्या दुकानात दारापाशी उभी असते, टाचेच्या चपलेत. तिने आईच्या सगळ्या उंच चपला पोत्यात भरून देऊन टाकल्या आणि सपाट रबरी स्लिपर आणली. "माय, आता आराम कर."

आराम कसला. दोन पावलं टाकली की पोटऱ्या ओढायच्या, सकाळी टाच टेकवेना. आम्हाला वाटलं वय झालं. शेवटी धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, "इतकी वर्षं टाच वर राहिली, मागची शीर आखडून गेली. आता एकदम सपाट घातलं तर ती ताणणारच. टाच हळूहळू उतरवा. पुढे बोटं मोकळी राहू द्या."

मग एकेक जोड जरा बुटका घेत गेलो. पोटरी ताणायचा व्यायाम ती भिंतीला हात लावून करायची, मी हसलो की, "तुम्ही भिंत धरा, पडी जाई," म्हणायची. दोन बोटं टाच आणि रुंद तोंड, तिथं येऊन तिचं जमलं. ती चप्पल घालून माहेरी साक्रीच्या बाजारात हिंडली, कुठं टेकली नाही. पुढे छातीच्या दुखण्याने गेली. पाय बरे झाले आणि बाई गेली.

आमच्यात सवाष्ण बाई गेली की तेराव्याला तिच्या नावाने दुसऱ्या सवाष्णीला साडी, छत्री, चप्पल देतात. पुढचा रस्ता तापलेला, काट्यांचा असतो म्हणे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण चप्पल तिला पोचणार असेल तर कसलीही कशी देऊ?

चपलांच्या दुकानात मुलगी म्हणाली, "आबा, उंच घेऊ. तिथं तिला कोणी बुटकी म्हणायला नको."

"तिकडं काउंटर नाही," मी म्हटलं.

मग दुकानदाराने रबरी स्लिपर पुढे केली. "आबा, दानाला सगळे हीच नेतात."

"तिची पोटरी ओढंल."

"कोणाची?"

मी घरून तिची शेवटची चप्पल पिशवीत आणली होती, ती काढून ठेवली. अशीच दे म्हटलं, दोन बोटं टाच, पुढे रुंद. त्याने माळ्यावरचे खोके उतरवले. "नवरीचा बस्ता इतका वेळ घेत नाही," म्हणाला, पण शोधत राहिला. मिळाली.

तेराव्याला शेजारची बाई बसली होती, हिच्याच मापाच्या पायाची. तिने चप्पल घातली. मी म्हटलं, जरा चालून दाखव. ती हसली, अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन आली. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, टाचांकडे बघत होतो. टाच नीट टेकत होती.

"आबा, मऊ शे," ती म्हणाली. "बोटं बठ्ठी मोकळी."

मुलगी निघताना उंबऱ्यात बसून आपल्या चपलेचा पट्टा लावत होती. तिचाही अंगठा जरा वळायला लागलाय, मी बघितलं. तिनेही बघितलं मी बघतोय ते.

"आबा, मायची ती जुनी द्या ना मला. बस स्टँडपर्यंत तरी."

"नको," मी म्हटलं. "त्यात तिच्या बोटांचे खड्डे पडलेत. तुझे पाय बसायचे नाहीत. चल, तुझ्या मापाची घेऊ."

तिने पट्टा सोडला. दुकान जवळच होतं. अनवाणीच आली माझ्याबरोबर.