आर्लेतच्या कपाटातला सुती नमुना

निमंत्रण आलं तेव्हा आर्लेत पोमिएने ते आधी दिव्यासमोर धरलं, मग माझ्याकडे आणलं. "जोझेत, तू आयुष्यभर रंगमंचावर वावरलीस. खोटं ओळखतेस. वाच."

पत्र साधं होतं. ओब्रेमों या बंद पडलेल्या पोशाखघराचा इतिहास पॅरिसच्या एका संग्रहालयात मांडला होता. उद्घाटनाआधी ओब्रेमोंतल्या जुन्या शिवणकामवाल्यांना बोलावलं होतं.

"साठ वर्षं कुणाला आठवण नाही आणि आता आमंत्रण? सापळा आहे गं. त्यांना माझं कपाट हवंय."

कपाटात काय आहे ते तिच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. ओब्रेमोंत प्रत्येक पोशाख आधी साध्या सुती कापडात शिवून बघत, मगच रेशमाला कात्री लावत. हंगाम संपला की ते नमुने जाळत, नक्कल होऊ नये म्हणून. सुटताना बायकांच्या पिशव्या तपासत. एकवीस वर्षांच्या आर्लेतने एक नमुना कोटाखाली कमरेला गुंडाळला आणि पहारेकऱ्याला हसून नमस्कार करत बाहेर आणला. त्या नमुन्याच्या खांद्यावरच्या चुण्या तिने बसवल्या होत्या. कौतुक शिवणखात्याच्या मुख्य बाईंचं झालं होतं. तेव्हापासून टपालवाला आला तरी ती आधी पडद्याआडून बघते.

पुढे ती आमच्या रंगमंदिरात कपडेपट सांभाळायला आली. प्रवेशाला दोन मिनिटं उरलेली असताना तिने माझा झगा कितीदा अंगावरच शिवलाय! टाळ्या मात्र मी एकटीने घेतल्या.

"मी येते बरोबर," मी म्हटलं. "पकडलंच, तर बेशुद्ध पडेन. अजून छान पडते मी."

संग्रहालयातल्या बेरेनिस नावाच्या तरुण अधिकारी बाईने हसत स्वागत केलं, कॉफी दिली. आर्लेत माझ्या कानाशी लागली, "एवढी गोड का वागतेय? पिऊ नकोस."

हिरव्या रेशमी पोशाखापाशी मात्र ती थबकली. त्याचा रुंद पट्टा पाठीमागे जमिनीवर लोळत होता.

"शेपूट केलंय गं त्याचं!" ती पुटपुटली. "मुद्दाम. मी तोंड उघडावं म्हणून." ती चार पावलं पुढे गेली. मग परत फिरली.

"तो पट्टा वर घ्या," ती बेरेनिसला म्हणाली. "डाव्या खांद्यावर. चुण्यांच्या आत दोन हूक आहेत."

बेरेनिसने हातमोजे घालून चाचपलं. हूक सापडले. पट्टा खांद्यावर चढला आणि पोशाखाला एकदम पाठीचा कणा आला.

"मादाम, याचा एकही फोटो उरलेला नाही. तुम्हाला कसं कळलं?"

आर्लेतने माझा दंड आवळला. "माझ्याकडे याचा नमुना आहे. चोरलेला. या चुण्या माझ्या आहेत."

बेरेनिसने हातमोजे काढले. "तो इथे शेजारी ठेवू द्याल? तुमच्या नावाची पाटी लावून?"

"म्हणजे पोलिसांना शोधाशोध नको!"

"तक्रार करणार कोण, मादाम? ओब्रेमों बंद होऊन तीस वर्षं झाली."

आर्लेतने तिला नीट न्याहाळलं. "आधी पाटी लावा. मग कपाट उघडेन."

गुरुवारी पाटी लावल्याचा फोन आला. आर्लेतला तो खरा वाटेना. तिने मला बघायला पिटाळलं. दालनाच्या मधोमध उभी राहून, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात, मी तिला फोनवर वाचून दाखवलं, "चुण्यांची रचना: आर्लेत पोमिए."



"पुन्हा वाच," ती म्हणाली.