पहिल्या बेसची माती

माझे वडील, आमचे आबा, दर रविवारी सॉफ्टबॉल खेळताना एकाच जागी आऊट व्हायचे. चेंडू दणकून मारायचे, बॅट टाकून पळत सुटायचे आणि पहिला बेस पायाशी आला की थांबून खाली वाकायचे. तेवढ्यात चेंडू बेसवर पोहोचायचा, की आऊट.

मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आमच्या पोरांना फुटबॉलशिवाय दुसरं काही दिसत नसे, म्हणून सॉफ्टबॉलचं सामान कपाटात धूळ खात पडलेलं. ते बाहेर काढून मी गल्लीतल्या साठीपुढच्या माणसांच्या चार टीम केल्या. अंपायर मीच. पायात बूट सक्तीचे, हा नियमही माझाच, कारण निम्म्यांना शुगर होती.

आबा तरुणपणी कुस्ती खेळलेले. आई गेल्यापासून ते आढ्याकडे बघत पडून असायचे. दाढी करायचे ती फक्त रविवारी, पहाटे उठून. त्यामुळे कॅप्टननं मला बाजूला घेतलं तेव्हा आबा ऐकत नाहीत ना, ते मी आधी बघितलं. आबांच्या टीमचे कॅप्टन म्हणजे आमच्या शेजारचे दूधवाले काका.

"गुडघं गेल्यात त्येचं," काका म्हणाले. "ह्या रविवारी बघतो. न्हाय जमलं तर दुसरा गडी घेणार. वाईट वाटून घिऊ नगंस."

मला गुडघ्याचं पटेना. हाच माणूस घरचा जिना अजून धडाधडा चढायचा. मग बेसपाशीच काय होतं? मी आठवडाभर त्यांची चाल न्याहाळत होते. घरात विचारलं तर "काय न्हाय गं" म्हणून कूस बदलायचे. असा राग यायचा!

शनिवारी एक बेस उसवलेला दिसला. बेस म्हणजे पोत्याच्या कापडाच्या माती भरलेल्या पिशव्या, काकांनीच करून दिलेल्या. शिवायला घेतला तर मांडीवर लाल माती सांडली, मऊसूत. हाताला हळदीचा आणि आंबूस ताकाचा वास आला. लहानपणी आबा तालमीतून घरी आले की हाच वास यायचा. मी तशीच काकांच्या दारात गेले.

"तालमीतलीच हाय की," काका खुशीत म्हणाले. "कुस्तीचा हौद नवा करताना जुनी माती भाईर टाकलीवती. एक खडा घावणार न्हाय त्यात."

काका कधी कुस्ती खेळले नव्हते. त्यांना ती नुसती चांगली माती वाटली.

घरी येऊन मी आबांच्या पुढ्यात मूठ उघडली. त्यांनी ती बोटानं हलकेच चाळवली.

"बूट घालून हिच्यावर पाय कसा दिऊ?" ते म्हणाले. "आमी चप्पल दाराभाईर काढायचो. आदी माती कपाळाला, मग पाय."

म्हणजे ते बेसला हात लावून कपाळाला न्यायचे! आणि आम्ही सगळे म्हणत होतो, दमले.

"मग काकांना सांगायचं नाही का?"

"त्येनं हौसंनं आणलीया. त्येला कशाला खाली बघाया लावायचं? आन् अनवाणी खेळलो असतो, तर तू ओरडली असतीस."

ओरडलेच असते. मला माझीच लाज वाटली.

तिन्हीसांजेला मी चारही बेस रिकामे करून त्यात परसातली साधी काळी माती भरली. लाल माती आबांच्या देखत जास्वंदीच्या बुंध्याशी ओतली. काकांना एक अक्षर बोलले नाही.

रविवारी आबांनी चेंडू मारला आणि पळाले. बेसजवळ आले. वाकले नाहीत. बुटासकट अख्खा पाय त्यांनी बेसवर आपटला. पण चेंडू त्यांच्याआधी पोहोचला होता, एखाद्या पावलाच्या फरकानं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला खोटं बोलावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तरी मी हात वर केला. आऊट.

आबा कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसायला लागले. आई गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच असं हसताना बघत होते.

"आज खराखुरा आऊट झालो की गं!"

काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "आज वाकला न्हाय," ते म्हणाले. "पळाला की गं! ऱ्हाऊ दे त्येला. पुढल्या रविवारी पयला त्योच मारंल."

घरी आल्यावर चहाला हाक मारली तर आबा आत आले नाहीत. परसात बघितलं. बूट पायरीवर काढून ठेवले होते, आणि आबा जास्वंदीपाशी लाल मातीत अनवाणी उभे होते. कपाळाला माती लागलेली होती.