एकाच नावाच्या दोन ओळी

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, या नियमाचं मला तेव्हा फार अप्रूप वाटायचं. परभणीत नुकताच सुरू झालेला क्लास, काचेचं दार, खिडक्यांना जाड पडदे, आत भर दुपारी अंधारल्यासारखं. विद्यापीठाच्या नामांतरावरून कधीही बंद पुकारला जायचा, एसटी मधेच थांबायची, तरी मी झरीच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून नेमानं यायचे. बीए होऊन घरी बसलेली मुलगी, लग्न ठरेपर्यंत काहीतरी शिकू दे, एवढाच वडिलांचा हिशेब. मला मात्र नोकरी हवी होती, आणि मी हट्टी होते.

सर क्वेरी शिकवत होते. मशीनला प्रश्न विचारायचं ते एक वाक्य. सिलेक्ट म्हणजे काय दाखवायचं, फ्रॉम म्हणजे कोणत्या तक्त्यातून आणि व्हेअर म्हणजे कुणाचं. व्हेअरच्या पुढे अट घालायची. "मशीन स्वतःची अक्कल चालवत नाही," सर सांगायचे, "अटीत जे जे बसतं ते सगळं आणून तुमच्यापुढं ठेवतं." सरावासाठी त्यांनी आमच्याच गावच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर भरून घेतलं होतं. त्यांचे वडील तिथं हेडमास्तर होते. आधीच्या बॅचच्या मुलांनी पानं वाटून घेऊन टाईप केलेली. मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत.

पहिली अट मी जन्मतारखेची घातली, एक जून. निम्मं गाव पडद्यावर सरसर वर सरकत गेलं. आम्ही पोट धरून हसलो. पोराला शाळेत घालताना आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही तीच.

मग कुणीही नवशिका करील तेच मी केलं. स्वतःचं नाव विचारलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

दोन ओळी आल्या.

नाव तेच, वडील तेच, एक जूनही तोच. सालात तेवढं नऊ वर्षांचं अंतर. खालची ओळ माझी होती, सातवी पास होऊन शाळा सोडलेली. वरच्या ओळीतली पहिलीच्या वर्गातच थांबली होती, आणि शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं : मयत.

"सर, माझं काहीतरी चुकलंय."

सरांनी वाकून बघितलं. "वाक्य बरोबर आहे. अजून एक अट घाला. दोघींपैकी फक्त तुम्हालाच लागू पडेल अशी."

सरांनी हे अगदी सहज म्हटलं. फक्त मलाच लागू पडेल असं काय होतं माझ्याजवळ? पडद्यावर माझंच नाव, माझ्याच बापाच्या नावासकट मेलेलं. मी तशीच उठले आणि मिळेल त्या गाडीनं घरी आले.

आई ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होती. मला आडवळणानं बोलता येत नाही. मी उभ्या उभ्याच विचारलं, "माझ्या आधी कोण होती?"

आईचे हात थांबले. उत्तर आतून आलं, आत्याकडून. ती विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहायची.

"सांग की आता. किती दिस झाकून ठिवायलीस?"

मग आत्याच बाहेर येऊन बसली आणि सांगू लागली. थोरली पहिलीत असताना दोन दिवसांच्या तापात गेली. मातीत ठेवताना आत्यानं तिच्या उजव्या कानामागं काजळाचं बोट लावलं. आमच्याकडं तशी रीतच होती. लेकरू परत आलं तर ओळखू यावं म्हणून.

"तुझ्या बारशाला मी कान मुडपून बगितला," आत्या म्हणाली, "तर डाग तिथंच. मग दुसरं नाव कसं ठिवू? आली परत म्हून तेच ठिवलं."

लहानपणी गावातल्या म्हाताऱ्या मला जवळ घेऊन कान मुडपून बघायच्या. मला वाटायचं, मळ बघतात. मी लाजून कान लाल होईस्तोवर घासायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाच तेवढं नव्हतं. मला भयंकर राग आला, आणि रागाखाली भीती होती.

आत्या परसात निघून गेली. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की आईनं मला कधीच नावानं हाक मारली नव्हती. कायम 'पोरी'. मी तो लाड समजत होते.

"आई, मी तीच का?"

"न्हाई," आई ताडकन म्हणाली. "ते नाव तिचं हाय. तू येगळी हायस. दोघींना मीच वाढवलं, मला कळत न्हाई व्हय?"

मला रडू आलं. ही अट कुठल्या मशीनला घालणार? मग आई सुपाकडं बघत पुटपुटली, "अन् भ्याव बी वाटतं. मी हाक मारली अन् तिनंच ओ दिली तर?"

तेवढ्यात परसातून आत्यानं मला नेहमीसारखी नावानं हाक मारली.

आयुष्यात पहिल्यांदा मी लगेच ओ दिली नाही. आधी दुसरं कुणी देतं का, ते ऐकत उभी राहिले. आईही ऐकत होती. तिची नजर माझ्यावर नव्हती, दाराकडं होती.

"ओ दे, पोरी," ती हळूच म्हणाली. "लवकर ओ दे."